लाईट गेली की खूश होणारे सर

अख्ख्या वडसा गावात लाईट गेल्यावर ज्याचा चेहरा खुलायचा असा एकच माणूस होता, आणि माझं नशीब असं की मी नेमकी त्याच्याच घरात भाड्यानं राहत होते. पंखा बंद पडून शेजारीपाजारी वैतागत अंगणात येऊन बसले, की खालच्या खोलीतून आवाज यायचा, "गेली का? वा! अकरा वाजून सात मिनिटं." ते वहीत लिहून घेत. परत आली की तीही वेळ लिहीत, पण त्यात तेवढा उत्साह नसे.

त्यांना सगळे सर म्हणत. आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून रिटायर झालेले. काटकुळे, खिशात कायम टेस्टर, अगदी लग्नाला गेले तरी. एका लग्नात मुहूर्ताची वेळ झाली तरी ते मांडवामागे डेकोरेशनवाल्याच्या बोर्डात डोकं घालून उभे होते आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, अक्षता मुठीत धरून त्यांना हाका मारत होत्या. काकूंचा सगळा संसार असा हाका मारण्यात गेला.

मी तेव्हा एका छोट्या संस्थेत काम करत होते. गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळतो, पण त्यासाठी हद्दीचे नकाशे, जुने कागद, म्हाताऱ्या माणसांचे जबाब अशी जाडजूड फाईल करून समितीपुढे मांडावी लागते. गावोगाव फिरून त्या फायली उभ्या करणं हे माझं काम. संस्थेचं ऑफिस म्हणजे गडचिरोलीत एक खोली आणि दोन खुर्च्या. खरं काम व्हायचं ते माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर. गावोगावचे नकाशे, जबाब, सगळं त्यातच.

एकट्या बाईला खोली देताना लोक शंभर प्रश्न विचारतात. सरांनी एकही विचारला नाही. म्हणाले, "डिपॉझिट नको. मटन करा, पाहुणे आणा, मले काई नाई. फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर माही सिस्टीम राहीन."

त्याच वेळी बॅग उचलून निघायला हवं होतं. मी उलट विचारलं, "सिस्टीम म्हणजे?" ही दुसरी चूक. त्यांनी मला पडवीत नेलं. तिथे वेगवेगळ्या जातींच्या धानाची पोती रचलेली होती.

"ह्या पोत्याईत धान हाय. कोन्त्यात एचएमटी, कोन्त्यात लुचई, कोन्त्यात बियान्याचं, हे कोनाले माहीत? तुमच्या काकूले. उद्या काकू मेली त धान कुठी जात नाई, इथीच राह्यते. पन कोनालेच सापडत नाई. कॉम्प्युटरच्या डिस्कवर कोनती फाईल कुठी ठेवली, ध्यानात ठेवनारी जे असते ना, ते फाइल सिस्टीम. म्हंजे काकू."

"उदाहरनाले बी मलेच मारा," आतून काकू म्हणाल्या.

तर परदेशात कुठेतरी काही मंडळी अशी एक नवीन फाइल सिस्टीम बनवत होती, फुकट वाटायला. अजून कच्ची होती. घरच्या कॉम्प्युटरवर वापरून पाहा आणि चुका कळवा, असं त्यांनी सगळ्या जगाला सांगितलं होतं. जगातल्या शहाण्या माणसांनी ती अडगळीतल्या रिकाम्या कॉम्प्युटरवर टाकली असेल. सरांनी ती वडशात घरोघरी टाकली. टेलरच्या घरी, राईस मिलच्या मुनीमजीच्या घरी, एका झाडीपट्टी नाटक कंपनीच्या मालकाच्या घरी. ज्याचा कॉम्प्युटर बिघडे तो सरांकडे येई, सर तो फुकट दुरुस्त करत, आणि परत देताना आत ही नवीन काकू बसवलेली असे. विचारून बसवत, हे मात्र कबूल करायला पाहिजे. पण फुकट काम करून घेतल्यावर नाही कोण म्हणणार?

मी एकदा म्हणाले, "सर, तपासायचंच आहे तर सिनेमे-गाणी भरून तपासा ना. लोकांच्या कामाच्या फायली कशाला?"

"रद्दी ठेवून तपासनी होत नाई, बाई. रद्दी हरवली त मानूस पाहाले बी जात नाई."

बोलून पाहिलं मी पुष्कळ. दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला खूण तरी पडते.

तपासणीची त्यांची रीत अशी. परदेशातल्या लोकांच्या घरी लाईट जातच नाही, त्यामुळे त्यांच्या सिस्टीमला अचानक मरण्याची सवय नाही, असं त्यांचं ठाम मत. "त्याईच्या घरी लाईट जात नाई, मंग ते शिकन कशी? शिकन त आपल्या इथी." आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात लाईट स्वतःहून जाई तेवढ्यानं त्यांचं भागत नसे. दिवसातून एकदोनदा ते स्वतः घराचा मेन स्विच खाली ओढत. न सांगता. मी पानभर मजकूर टाइप करून मान वर करावी आणि खट्. काकूंच्या मिक्सरमध्ये चटणी अर्धवट. मी जिन्यावरून ओरडायचे, "सर, आधी सांगत जा की हो!"

"सांगून केलं त तुमी सेव्ह करान," खालून शांत उत्तर. "मंग तपासनी कायची?"

इन्व्हर्टर घ्यायचं नाव काढलं की त्यांना घाम फुटे. शेजारच्यांनी घेतला तर त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. त्या परदेशी मंडळींपैकी एकानं त्यांना मेल करून विचारलं होतं की लाईट गेल्यावर चालू राहावं म्हणून तुम्ही काय वापरता. सर दोन दिवस हसत होते. सरांचे स्वतःचे मेल वाचण्यासारखे असत. प्रत्येक मेल 'रिस्पेक्टेड सर'नं सुरू होई, मग बिघाडाचं वर्णन, मग आज वडशात ढग आहेत की ऊन, आणि शेवटी घरी सगळे ठीक असतील अशी आशा. समोरच्याच्या घरी कोण कोण आहे हे त्यांना माहीत नसे, पण तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहीत.

नाटक कंपनीच्या मालकाकडे एकदा भर दुपारी तालीम चालली होती. बाप मेलाय, पोरगी प्रेतावर पडून रडतेय, आणि साऊंडवाल्यानं 'करुण' नावाची फाईल लावली तर दणक्यात लावणी सुरू झाली. मेलेला बाप उठून बसला. मालक तणतणत सरांच्या घरी आला. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "नावं बदलली का आतला माल बदलला?"

"अजी सर, माह्या नाटकाची वाट लागून राह्यली!"

"ते समजलं. पन दोनातलं कोन्तं झालं?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं, मी मालकाकडे. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याची सगळी गाणी जागच्या जागी लावून दिली आणि रात्रभर जागल्यासारखे डोळे घेऊन आठवडाभर आनंदात वावरले. कोणाची फाईल गेली, असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नव्हती. "गेली म्हनू नोका. सापडत नाई म्हना." आणि कोणाच्याही कॉम्प्युटरमध्ये काय आहे हे ते कधी पाहत नसत. फाईल त्यांना आकड्यानं ठाऊक असे, किती आणि केवढी. उघडून पाहणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं, असं ते मानत. दुसऱ्याच्या घराची लाईट घालवणं मात्र त्यांना चाले.

ह्या सगळ्याच्या मागे त्यांचा एक हट्ट होता. आपल्याकडे लाईट नुसती जात नाही. जाते, क्षणभर येते, पुन्हा जाते. सर त्याला 'लाईटीनं डोळा मारला' म्हणत. नेमका असा डोळा मारला आणि त्या क्षणी डिस्कवर काही लिहिणं चालू असलं, की ही सिस्टीम वाट चुकते, अशी त्यांची खात्री होती. परदेशातले लोक म्हणत, असं होऊ शकत नाही, पुरावा दाखवा. दोन वर्षं ते तो पुरावा शोधत होते. मेन स्विच खट्खट् वरखाली करून करून त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. बिघाड शोधणाऱ्यांची एक यादी त्या लोकांनी ठेवली होती, त्यात आपलं नाव यावं, एवढीच त्यांची इच्छा. "त्या यादीत आपल्या भागातला एक बी नाई, बाई," असं ते मला दहादा म्हणाले असतील.

आता माझ्या फायलीकडे येते. कुरखेड्याच्या पुढे जंगलात एक गाव आहे. त्यांच्या दाव्याची सुनावणी गडचिरोलीला लागली होती. सगळं जमलं होतं, फक्त डोंगराकडच्या एका पट्ट्याचा कागद नव्हता. तो पट्टा गावाचा आहे हे सांगणारी एकच आजी उरली होती. मी तिच्याबरोबर तो डोंगर चढले. ती काठी टेकत पुढे, मी फोन धरून मागे. कोणत्या मोहाच्या झाडापासून कोणत्या दगडापर्यंत, कुठे देव बसवलेत, कुठे मेलेल्यांचे दगड उभे आहेत, ती गोंडीत सांगत होती आणि मी व्हिडिओ घेत होते. चाळीस मिनिटांचा. घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकला, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तिथला पुसला. पेन ड्राईव्हवर एक प्रत ठेवायची हे मनात होतं. मनातच राहिलं. बारा दिवसांनी आजी वारली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली गेले आणि हात जोडले. "सर, आजचा दिवस मेन स्विचला हात लावू नका. शपथ घ्या."

"नाई लावत," ते म्हणाले. आणि खरंच लावला नाही. ओट्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दहाच्या सुमारास मी फाईल एकत्र करत होते आणि लाईट गेली, आली, गेली. परत आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आणि पुढे काही नाही. मी धावत खाली आले. सर ओट्यावर दोन्ही हात वर करून उभे होते. "मी नाई जी. लाईटीनं डोळा मारला."

ते वर आले, खुर्चीवर बसले, दहा मिनिटं काहीबाही टाइप केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॉटरी लागलेला माणूस तसा हसत असेल.

"सापडला," ते म्हणाले. "बाई, दोन वर्सं झाले. हाच तो. सापडला!"

"माझ्या फायली?"

"फायलीचं पाहू. बिघाड सापडला."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्याही मला थांबवत नव्हत्या. सरांनी तोवर फोनवरून मेल टाकलासुद्धा. तासाभरात उत्तर आलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्या लोकांनी लिहिलं होतं, डिस्कला हात लावू नका, काही दुरुस्त करू नका, आहे तशी अख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवून आम्हाला पाठवा. हे खरं असेल तर फार महत्त्वाचं आहे.

"दुरुस्त केलं तर माझ्या फायली मिळतील?" मी विचारलं.

"बहुतेक मिळतीन. पन मंग बिघाडाची खून पुसन. आधी उतरवून घेऊ, मंग दुरुस्त करू."

एवढी मोठी रिकामी डिस्क त्यांच्याकडे नव्हती. होत्या त्या सगळ्या त्यांनी वडशाच्या घराघरांत बसवून ठेवल्या होत्या. गावातल्या दोन दुकानांत विचारलं, ब्रह्मपुरीला फोन लावला. नागपूरहून येईल, परवा. सुनावणी उद्या अकरा वाजता.

मी खाली जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा त्यांना सांगितलं की त्या डिस्कमध्ये काय आहे. आजी, डोंगर, देवाचे दगड, आणि ती आता नाही हे. त्याआधी दोन वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मला रडू आवरेना. रडताना मी म्हणाले, "तुमच्या यादीपायी एका गावाचा डोंगर जाणार आहे, सर."

सर पडद्यासमोर बसून राहिले. काकूंनी जेवायला हाक मारली, उठले नाहीत. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता त्याईले काई म्हनू नोको, माय." दोन वाजून गेले. मग त्यांनी विचारलं, "केवढा हाय तो व्हिडिओ?"

"चाळीस मिनिटं."

"मिनिटं नाई. साइज."

अशा वेळीसुद्धा! मी साइज सांगितली. त्यांनी दुरुस्तीची कमांड टाइप केली, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बटण दाबलं.

फायली मिळाल्या, पण नावं गेली होती. नुसते आकडे. त्या आकाराच्या जवळपास नऊ फायली होत्या, कोणती आपली हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "उघडू का?" मी मान डोलावली. पाचव्या फायलीत आजी होती. काठी टेकत, पाठमोरी. ओळख पटली, काम झालं होतं. मी पेन ड्राईव्ह पुढे केला. पण सरांनी ती बंद केली नाही. ते पाहत राहिले. मध्येच विचारलं, "काय म्हनून राह्यली?" मला जेवढी गोंडी येत होती तेवढं मी सांगितलं, "इथपर्यंत आमचं, याच्या पुढे वाघाचं." चाळीस मिनिटं ते हलले नाहीत. काकूंनी ताट वर आणून ठेवलं, ते गार झालं.

सुनावणीत समितीनं व्हिडिओ पाहिला. पुढे दोन-चार तारखा पडल्या, अधिकारी डोंगर पाहून आले आणि काही महिन्यांनी गावाच्या हक्काचा कागद निघाला, त्या पट्ट्यासकट.

मधल्या काळात त्या परदेशी लोकांचं सरांना उत्तर आलं होतं. मला ते काकूंकडून कळलं. पुरावा नसल्यामुळे तक्रार बंद करत आहोत. हात लावू नका सांगितलं असताना दुरुस्ती का केलीत, असंही एकानं विचारलं होतं. सरांनी त्यावर एका ओळीचं उत्तर लिहिलं. रिस्पेक्टेड सर, डिस्क बाईची होती. त्या दिवशी वडशात ढग होते की ऊन, तेवढं लिहायचं विसरले.

मी खाली जाऊन म्हणाले, "सर, माझ्यामुळे यादीत तुमचं नाव यायचं राहिलं." ते म्हणाले, "बिघाड कुठी जात नाई. आतच हाय." आणि मेन स्विच ओढला. मी वर अर्धं पान टाइप करून ठेवलं होतं, ते गेलं.

कागद मिळाल्यावर आजीचा मुलगा वडशाला आला. तोच ग्रामसभेचा अध्यक्ष. पन्नाशीचा माणूस, हातात मोहफुलांची पिशवी. आईचा एकही फोटो घरी नव्हता, म्हणून व्हिडिओ मागायला आला होता. सरांनी त्याला खुर्चीवर बसवून तो पेन ड्राईव्हवर घालून दिला.

"घरी कॉम्प्युटर हाय?"

"ग्रामसभेचा हाय जी. त्याच्यात टाकतो."

"तिथी एक ठेवा. एक शाळेत ठेवा. एक हा तुमच्यापाशी पेटीत. तीन ठिकानी." सर थोडे थांबले. "अन् सिस्टीम जुनीच राहू द्या. माही टाकू नोका. भरोसा नाई तिचा."

तो माणूस हो म्हणाला. मी तिथेच दारात उभी होते. अख्ख्या वडशाला जे कधी सांगितलं नाही, दोन वर्षं जे मला सांगितलं नाही, ते ह्या गृहस्थांनी पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला पाच मिनिटांत सांगून टाकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच माझ्याकडे वळले.

"बाई, सिस्टीमची नवीन आवृत्ती आली हाय. डोळा मारल्यावर काय होते ते पुन्हा पाहू म्हनतो. या खेपेले रिकामी डिस्क आनून ठेवली हाय, उतरवून घ्याले. तुमच्या कॉम्प्युटरवर टाकू का?"

दुसऱ्या गावाची फाईल अर्धी झाली होती. पाच म्हाताऱ्यांचे जबाब आत होते, आणि त्यांच्या तीन-तीन प्रती मी करून ठेवल्या होत्या.

"टाका," मी म्हणाले.